गाणाऱ्यांच्या हातातली घंटा

रोहा, या वर्षीचा डिसेंबर

कुंडलिकेच्या काठाशी या. दिवस मावळतोय, पलीकडे अष्टमी गावात दिवे लागायला लागलेत, लांबवर अवचितगडाचा डोंगर निळ्याचा काळा होतोय. भर डिसेंबरातही नदी वाहती आहे, कारण वर भिऱ्याच्या वीजघरातून तिच्यात पाणी सुटतं. तुम्ही निघालाय त्या काळात वीजघर नाही. तिथे जायचं तर भरती चढेपर्यंत थांबावं लागेल, आणि मग ओहोटीच्या भरवशावर खाली जावं लागेल.

थांबला आहात तोवर घरची आरती आठवा. गणपतीपुढे पंधरा-वीस माणसं. कुणाचा सूर चढलेला, कुणाचा पडलेला. मधली कडवी दोघा-तिघांनाच पाठ, बाकीचे ओळीच्या शेवटी सामील होतात आणि पोरं तर फक्त शेवटच्या शब्दावर तुटून पडतात. आरती ओवाळणाऱ्याच्या उजव्या हातात निरांजन, डाव्या हातात घंटी. कोपऱ्यात कुणाकडे तरी झांज. एवढ्या बेसूर कारभारात आरती खरं तर कोसळायला हवी. ती कोसळत नाही. घंटी एकही सूर गात नाही, झांजेला चाल ठाऊक नाही, तरी दोघी मिळून वीस गळ्यांची एक मोळी बांधतात.

आज तुम्ही नाताळ ऐकायला चालला आहात. तिथेही मामला हाच: बरीच माणसं, थोडे तयार गळे आणि कुणाच्या तरी हातात घंटा. सगळे मिळून गात असताना घंटेनं नेमकं काय करायचं? या प्रश्नाची चारशे वर्षांत निरनिराळी उत्तरं निघाली. त्यांतली काही याच नदीच्या मुखाशी ऐकू येतात, काही फार दूर.

पाणी चढलं. मनगटावरचं घड्याळ खिशात टाका आणि मचव्यात बसा.

रेवदंडा, १६२५

तांदळाच्या मुड्यांवर तुम्हाला जागा मिळाली आहे. रोहा निजामशाहीत आहे, मलिक अंबर अजून हयात आहे आणि हा तांदूळ चौलच्या बाजाराला निघाला आहे. ओहोटीनं मचवा ओढून नेलाय. दोन्ही अंगांना खाजणं आणि तिवरं, चिखलाचा आंबूस वास, मधूनच पाण्याबाहेर उसळणारा मासा. खलाशांची मराठी तुम्हाला कळते. तुमची त्यांना कळते, पण ते हसतात.

खाडी रुंदावते तशी डावीकडे कोर्लईची टेकडी पुढे येते, समुद्रात घुसलेली, माथ्यावर तटबंदी मिरवणारी. उजवीकडे रेवदंडा: पोर्तुगीजांचं चौल. निजामशहाचं चौल त्याच्या आतल्या अंगाला, वेगळं. तटाच्या वर एक उंच, सडपातळ मनोरा दिसतो. हा फ्रान्सिस्कन साधूंच्या मठाचा. पुढे मठ पडेल, मनोरा तेवढा उरेल आणि लोक त्याला सातखणी म्हणतील. आज तो घंटांसकट उभा आहे.

धक्क्यावर एक खलाशी दोरखंड गुंडाळताना काहीतरी गुणगुणतोय. कान द्या. ओवी आहे, ठसठशीत मराठी ओवी, पण कथा आदम आणि येशूची. हा माणूस गोव्यातल्या साष्टीचा. तिथल्या चर्चमधून रविवारी आणि सणाच्या दिवशी लोकांना जे म्हणून दाखवतात ते ‘क्रिस्तपुराण’ त्याच्या तोंडी बसलंय. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली राचोलला छापला गेला. रचणारा फादर थॉमस स्टीफन्स १६१९ साली वारला. जन्मानं तो इंग्रज, विल्टशायर परगण्यातल्या बुशटन गावचा. हे गाव लक्षात ठेवा, पुढच्या मुक्कामाला त्याच्या शेजारी उतरायचं आहे.

मध्यरात्र. चर्चच्या दाराशी उभे राहा, आत फार पुढे जाऊ नका. मेणबत्त्यांची धग, धूप, ओल्या चुन्याचा वास. पुढे साहेबांची कुटुंबं, मागे शिपाई, त्यांच्यामागे कोळी, सुतार, घरकामाचे गुलाम. पाद्री लॅटिनमध्ये ग्लोरिया, म्हणजे देवाचं गौरवगीत, सुरू करतो, गायकवर्ग तो उचलतो. आणि त्याच क्षणी वेदीपाशी गुडघे टेकलेला मुलगा हातातली घंटी हलवायला लागतो. थांबतच नाही. दुसरा मुलगा दुसरी घंटी उचलतो. वर मनोऱ्यात कुणीतरी दोर ओढतो आणि मोठी घंटा अंगावर आल्यासारखी कोसळते. पूर्ण ग्लोरियाभर हा कल्लोळ चालतो.

आता तुमच्या शेजारच्या बाईकडे पाहा. तिला लॅटिन येत नाही. आज रात्री देवाचा गौरव गायचा अधिकार गायकवर्गाचा आहे, तिचा नाही. पण घंटा वाजायला लागल्यापासून तिचा चेहरा बदललाय, अंग सरळ झालंय. गाण्यात जे तिच्या वाट्याला येत नाही ते घंटा तिच्यापर्यंत पोचवते. घंटेचं पहिलं काम हे: जे गात नाहीत त्यांनाही गाण्यात ओढून आणायचं. आरतीतल्या घंटीसारखाच हा नाद, बिनतालाचा, बिनचालीचा, सगळ्यांवर पसरलेला.

कान तयार असेल तर आणखी एक गोष्ट ऐका. मनोऱ्यातल्या मोठ्या घंटेचा आवाज एक नाही, त्यात अनेक स्वर आहेत. टोल्याच्या मुख्य स्वराला सा धरलं तर त्याच्या पोटात कोमल गंधार स्पष्ट ऐकू येतो. युरोपी घंटेची ती जातच आहे. चर्चच्या मोठ्या घंटेत आनंदाच्या रात्रीही जी उदासीची छटा लागते ती या गंधाराची. पण शुद्ध गंधाराचं एखादं आनंदगीत तिच्या जोडीला गाऊन पाहा. दोन गंधार एकमेकांना घासतात आणि गाणारे नकळत सूर सोडतात. त्यामुळे मोठी घंटा बोलावते छान, निरोप देते छान, उत्सवाचा कल्लोळ करते. गळ्यांच्या जवळ बसून साथ करणं तिला जमत नाही.

ऑल्डबर्न, विल्टशायर, १७०० च्या सुमारास

थंडीनं दात वाजतायत, घोंगडी घट्ट लपेटा. स्टीफन्सचं बुशटन इथून एका दिवसाच्या चालीवर आहे. हे ऑल्डबर्न, आणि या भट्टीत कॉर आडनावाचे दोन भाऊ, रॉबर्ट आणि विल्यम, घंटा ओततात. धातू तुमच्या ओळखीचा आहे: साधारण चार भाग तांबं, एक भाग कथील. आपलं कांसं. टाळ याचाच, झांज याचीच.

इंग्लंडातल्या चर्चच्या मनोऱ्यात सहा-सहा, आठ-आठ घंटा असतात. प्रत्येक दोराला एक माणूस असतो आणि ती माणसं घंटांचा क्रम दर फेरीला ठरलेल्या हिशोबानं बदलत तासन्‌तास वाजवतात. हा हिशोब पाठ करायला सराव लागतो. हिवाळ्यात गार मनोऱ्यात उभं राहून रोज सराव करायचा तर हातही गोठतात आणि गावही वैतागतं. म्हणून कॉर बंधूंसारख्या कारागिरांनी सुरात लावलेल्या लहान घंटा केल्या, चामड्याच्या मुठीच्या. माणसं शेकोटीपाशी बसून, बिअर पीत, मनोऱ्याचा हिशोब हातावर गिरवू लागली.

एक घंटा हातात घ्या. आतला लोळा मोकळा लोंबत नाही. तो एकाच रेषेत मागेपुढे जातो, त्यामुळे मनगटाच्या एका झटक्याला एकच टोला. नाद थांबवायचा तर घंटा खांद्याला टेकवायची. आणि आवाज ऐका: मोठ्या घंटेचा कोमल गंधार इथे गायब आहे. इंग्लिश पद्धतीनं लावलेल्या हातघंटेत मूळ षड्जावर ठळक वाजतो तो वरच्या सप्तकातला पंचम. सा आणि प, तंबोऱ्याचे स्वर. गंधाराशी भांडण नाही, धैवताशी नाही. तिच्या शेजारी कुठलंही गाणं निवांत बसू शकतं.

म्हणजे मनोऱ्यातल्या मंडळींनी सरावाची सोय म्हणून केलेली वस्तू गळ्यांच्या साथीला लायक निघाली, हे त्यांना अजून ठाऊक नाही. नाताळात घरोघर गात फिरणाऱ्यांच्या हाती ती पडायला वेळ आहे.

वसई, १७३९; पाली, १७६० नंतरचा एक डिसेंबर

मे महिना, वसईच्या किल्ल्याबाहेर. सुरुंगांनी फुटलेला बुरूज, धुळीचा लोट, जखमी आणि मेलेल्या माणसांचा वास. चिमाजी अप्पांच्या फौजेनं महिनोन्‌महिने झुंजून वसई घेतली आहे. पोर्तुगीज अटींवर बाहेर पडतायत, आणि चर्चच्या मनोऱ्यांवरून घंटा उतरवल्या जातायत. दोरखंड करकरतात, माणसं ओरडतात, घंटा जमिनीला लागते तेव्हा एक बोथट नाद उठतो.

या घंटांनी महाराष्ट्रभर प्रवास केला. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर एक, तिच्यावर १७२१ साल. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक, १७०७ सालची, अंगावर मेरी आणि बाळ येशूची आकृती वागवणारी. भीमाशंकरला एक. आणि रोह्याच्या शेजारी, अंबेच्या खोऱ्यात, पालीच्या बल्लाळेश्वराला चिमाजी अप्पांनी वाहिलेली एक.

तुम्ही काही वर्षं पुढे उडी मारून पालीला उतरता, फडणीसांनी लाकडी देवळाच्या जागी दगडी देऊळ उभारल्यानंतर. डिसेंबरची पहाट. सूर्य दक्षिणेच्या टोकाला गेलाय. पूर्वाभिमुख देवळात या दिवसांत उगवतीचे किरण थेट मूर्तीपर्यंत पोचतात. गाभाऱ्यातला शेंदूर उजळतो, आणि आरती सुरू होते.

घंटा ऐका. आवाज तोच, रीत वेगळी. चर्चमध्ये ही घंटा स्वतः झुलायची आणि दोर एका माणसाच्या हातात असायचा. तो सगळ्या गावासाठी वाजवी. इथे ती स्थिर टांगलेली आहे आणि येईल तो हात उंचावून एक टोला देतो, आपल्यापुरता, देवाला आपण आल्याचं सांगायला. शेतकरी देतो, कडेवरचं पोर देतं, नऊवारीतली म्हातारी टाचा उचलून देते. टोले कुणाच्याच तालात नाहीत. पण आरती सुरू झाली की पुजाऱ्याची लहान घंटी त्या सगळ्यांना सांधते, आणि झांज पावलं मोजते.

एका जागी घंटा एकानं सगळ्यांसाठी वाजवायची, दुसरीकडे प्रत्येकानं स्वतःसाठी. तिसरी रीत उरली आहे: प्रत्येकानं थोडीथोडी, सगळ्यांसाठी. तिच्याकडे जाण्याआधी नगरला डोकवायला हवं.

आणि जाताना एकदा कुंडलिकेच्या मुखाकडे पाहा. १७४० च्या तहानं चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज गेले. त्यांचे शिपाई आणि इथल्याच ख्रिस्ती झालेल्या बाया यांची पोरंबाळं मात्र कोर्लईच्या टेकडीखाली राहिली, आपली प्रार्थना आणि आपली बोली धरून.

अहमदनगर, १९१२

अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये बाकावर बसा. शेजारी धोतर-पगडीतले पाळक, लुगड्यातल्या बाया, बोर्डिंगातली मुलं. परदेशी चालीचं एक गीत लागतं. मराठी शब्द त्या चालीत अवघडून बसलेत, ऱ्हस्व-दीर्घ चिरडलेत. लोक प्रामाणिकपणे गातात, पण गुडघे हलत नाहीत.

मग एक माणूस उभा राहतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव; बाप्तिस्मा १८९५, मुंबईत. मराठी माणूस देवाशी भजनातून बोलत आला आहे, ख्रिस्ती झाला म्हणून त्याची जीभ बदलत नाही, ही त्यांची धारणा. त्यांच्याआधी कृष्णराव सांगळे यांनी याच नगर भागात ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. टिळकांनी तिच्यावर भजनांचं पीक घेतलं, आणि ती भजनं ‘उपासना-संगीता’त जाऊन घरोघर पोचली.

टाळ निघतात. पहिली ओळ एकजण म्हणतो, दुसऱ्यांदा सगळे. आता गुडघ्यांकडे पाहा. मागच्या बाकावरची बाई, जिला मघाशी शब्द सापडत नव्हते, ती ओळ येण्याआधीच तोंड उघडून तयार आहे. तिला तयार कुणी केलं? टाळानं. ओळ संपते, सगळे श्वास घेतात, त्या रिकाम्या जागेत टाळ वाजत राहतो आणि पुढची ओळ कुठे पकडायची ते दाखवतो. टाळ चाल सांगत नाही. चाल लोकांची. तो फक्त लोकांना एका पायरीवर ठेवतो.

घंटेचं दुसरं काम सापडलं: श्वासाची जागा राखायची.

चर्चला मनोरा असला-नसला तरी कांशाची साथ इथे पोचली आहे, तीही वारीच्या वाटेनं. रेवदंड्याच्या त्या बाईला जे मिळालं नव्हतं ते हिला मिळालंय: घंटाही आणि गाणंही, एकाच वेळी, आपल्या भाषेत.

बॉस्टन, १९२४, नाताळची आदली रात्र

बर्फावरून जपून चाला. ही बीकन हिल. नगरला मिशनरी पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाची कचेरी याच टेकडीच्या रस्त्यावर, १४ बीकन स्ट्रीटला आहे. आज ती बंद आहे. खिडक्याखिडक्यांत मेणबत्त्या लावल्यात आणि रस्ते माणसांनी फुलून गेलेत, कारण इथे नाताळच्या आदल्या रात्री सगळी टेकडी दारोदार गात फिरते.

वळणावर हातमोजे घातलेला एक छोटा घोळका उभा आहे. त्यांच्यातल्या मार्गारेट शर्क्लिफ बाई १९०२ साली लंडनला गेल्या होत्या, तिथे घंटावादनात प्रावीण्य मिळवलं आणि हातघंटांचा छोटा संच घेऊन परतल्या. गेल्या वर्षी, १९२३ मध्ये, त्यांनी घरच्या-शेजारच्यांना घेऊन बीकन हिल रिंगर्स हे मंडळ उभं केलं. यातूनच १९५४ साली अमेरिकेतल्या हातघंटावादकांची संघटना निघेल.

प्रत्येकाच्या दोन हातांत दोन घंटा. म्हणजे प्रत्येकाला दोनच स्वर. सा आणि रे ज्याच्याकडे आहेत त्याला गंधार लागला की गप्प बसावं लागतं, शेजाऱ्याकडे पाहावं लागतं. सबंध चाल कुणा एकाची नसते. पालीला जी तिसरी रीत उरली होती ती हीच.

त्यांनी एक ओळखीचं नाताळगीत सुरू केलं. स्वच्छ, थंड, चांदीसारखे स्वर. आणि काय झालं पाहा: गात आलेला जमाव थबकला. टोप्या निघाल्या. लोक ऐकू लागले. कुणी गाईना. घंटांनी चाल इतकी देखणी वाजवली की गळ्यांना काम उरलं नाही. कडवं संपल्यावर टाळ्या पडल्या.

टाळ्या ही इथे नापासाची खूण आहे. सगळ्यांनी गायच्या गीताला लोकांनी टाळ्या दिल्या याचा अर्थ ते श्रोते झाले.

समजा, दुसऱ्या कडव्याला त्यांनी रीत बदलली. चाल सोडून दिली. प्रत्येक ओळीच्या पहिल्या मात्रेला तीन-चार खालच्या घंटा एकदम, आणि मग थांबणं. आता ऐका. पहिली ओळ अर्धीमुर्धी, दुसरी भरलेली, तिसऱ्या ओळीला अख्खा रस्ता गातोय. घंटा कमी झाल्या तसं गाणं वाढलं.

कोर्लई, १९६५ आणि पुढे

परत नदीच्या मुखाशी. आता डावीकडच्या टेकडीखाली उतरा. कोर्लई: कोळ्यांच्या होड्या, सुकत घातलेली मासळी, भाताची खाचरं. गावातली ख्रिस्ती घरं आपसात नौ लिंग बोलतात. सुमारे हजार माणसांच्या तोंडची ही पोर्तुगीजजन्य बोली, पोर्तुगीज गेल्यावर सव्वादोनशे वर्षं फक्त घराघरांत टिकलेली. बाजारात मराठी. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, आजवर लॅटिन.

४ डिसेंबर १९६३ ला रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषांना दार उघडलं. त्यानंतरचा हा एक नाताळ आहे. माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये फादर लोकांकडे तोंड करून उभे आहेत. मध्यरात्रीच्या मिस्सेत गौरवगीत सुरू होतं, आणि वेदीपाशी मुलं घंट्या हलवायला लागतात, रेवदंड्यात हलवल्या तशाच. तेव्हा बाया घंटेवर समाधान मानत होत्या. आज घंटा वाजते आणि त्याच वेळी चर्चमधली प्रत्येक बाई मराठीत गाते. पेटी चाल धरते, घंट्या चालीवर उजेड टाकतात.

चार महिने थांबा, म्हणजे घंटेचा खरा भाव कळेल. पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी गौरवगीत चालू असताना घंटा वाजतात, आणि मग बंद. शुक्रवारी घंटा नाही. घंटेची खूण लागते तिथे लाकडाच्या टकटकीचा कोरडा आवाज. शनिवारी रात्री ईस्टरच्या जागरणात पुन्हा गौरवगीत येईपर्यंत ही मुकी स्थिती चालते. त्या दोन दिवसांतही लोक गातात. शब्द तेच, गळे तेच, पण गाणं भुईशी चालतं. मग शनिवारी रात्री सगळ्या घंट्या एकदम सुटतात आणि लोकांचा आवाज आपोआप चढतो. घंटेनं सूर दिलेला नाही. तिनं सांगितलंय की आता मोकळं व्हा.

कुठलंही चर्च, येता नाताळ

आता तुमच्यासमोर फोम अंथरलेलं टेबल आहे. त्यावर ओळीनं हातघंटा: दोन सप्तकांच्या, कोमल-तीव्रासकट, पंचवीस. भोवती बारा-तेरा माणसं, हातमोजे घालून. बाकांवर मंडळी भरली आहे. या वेळी दारात उभं राहून ऐकायचं नाही, तुमच्या हातात दोन घंटा दिल्या आहेत.

पहिलं गीत निघायच्या आधी त्याची शेवटची ओळ घंटांवर वाजवा, पूर्ण चालीत. इतकी एकच वेळ चाल तुमची. लोकांना पट्टी कळते, लय कळते, छाती भरायला अवधी मिळतो. पट्टी खालची ठेवा. वादकांना बरी वाटणारी पट्टी मागच्या बाकावरच्या आजोबांना जड जाते.

पहिल्या कडव्याला घंटा टेबलावर. पेटी किंवा ऑर्गन पुरे. लोकांना आपला आवाज सापडू द्या. दुसऱ्या कडव्याला ओळीच्या सुरुवातीला खालच्या स्वरांचा एक ठोका, आणि ओळ संपली की पुढच्या ओळीआधी एक, टाळासारखा. प्रत्येक ठोक्याचा नाद वेळेवर खांद्यावर मिटवा, नाहीतर मागच्या ओळीचा षड्ज पुढच्या ओळीच्या निषादावर लोंबकळत राहतो आणि सगळं गढूळ होतं.

चर्च लांब असेल तर एक सापळा आहे. पस्तीस मीटरवरच्या मागच्या बाकाकडून तुमच्यापर्यंत आवाज यायला सेकंदाचा दहावा भाग जातो. तुमचा ठोका त्यांना उशिरा पोचतो, त्यांचं गाणं तुम्हाला आणखी उशिरा. त्यांचं ऐकून वाजवायला गेलात की गाणं प्रत्येक ओळीला जड होत जातं. तेव्हा कान मंडळीकडे असू द्या, पण डोळे चालकाच्या हातावर ठेवा. घंटेचा ठोका धारदार असतो, धरून ठेवलेल्या ऑर्गनच्या सुरापेक्षा तो लवकर उमगतो. लय सावरायला त्याच्याइतकं नेमकं दुसरं काही नाही.

शांत, पाळण्याच्या गीताला फक्त दोन घंटा पुरतात, सा आणि प, संथ, आळीपाळीनं. तंबोरा छेडावा तशा. त्यावर भजनाची मराठी चालही बसते, कारण इंग्लिश हातघंटेच्या पोटात कुणाशी भांडणारा गंधार नाही.

शेवटच्या कडव्याला हात मोकळे सोडा. सगळ्या घंटा, मनाला येईल तशा, न मोजता, आरतीतल्या घंटीसारख्या, ग्लोरियातल्या घंट्यांसारख्या. आता तुम्ही लोकांना दाबू शकत नाही, कारण आधीची कडवी त्यांनी आपल्या बळावर गायली आहेत. जोर त्यांच्याकडे आलाय, तुम्ही फक्त त्याला साजरं करताय. हाच कल्लोळ पहिल्या कडव्याला केला असता तर बॉस्टनच्या वळणावर झालं तेच झालं असतं.

तुमच्या वाट्याला दोन स्वर आले, आणि त्यांतला एक सबंध गीतात चार-पाचदाच लागला. हिरमुसू नका. मोठी घंटा बोलावते, लहान घंटी उजळते, टाळ पायरी राखतो. हातघंटांच्या टेबलावर ही तिन्ही कामं एका जागी येतात आणि तिन्हींत एक शिस्त सारखी आहे, चाल लोकांची राहू द्यायची. मिस्सा संपल्यावर दारात उभे राहा आणि बाहेर पडणाऱ्यांचं बोलणं ऐका. ‘घंटा काय सुरेख वाजल्या’ असं कुणी म्हणालं तर पुढच्या वर्षी थोडं कमी वाजवा. ‘यंदा आपण काय गायलो’ असं म्हणत माणसं निघाली, तर साथ जमली.